खाली जाऊन येतो

आमच्या घरात "खाली जाऊन येतो" या वाक्याचा एकच अर्थ होतो. अण्णा चहा प्यायला चाललेत.

घर ताथवड्यात, अकराव्या मजल्यावर. घरात गॅस आहे, दोन प्रकारची चहा पावडर आहे, फ्रीजमध्ये आलं आहे, बाल्कनीतल्या कुंडीत गवती चहा आहे. बायको चहा चांगला करते, मी तिच्याहून चांगला करतो (हे माझं मत, घरात त्याला कुणाचाही पाठिंबा नाही). तरीही सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी पाचला अण्णा चपला घालतात, हे वाक्य म्हणतात आणि लिफ्टचं बटण दाबतात.

अण्णांना डायबेटिस आहे. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि त्यांच्या शुगरचा ताबा मी घेतला. ताबा म्हणजे काय, तर एक एक्सेल शीट. दर तीन महिन्यांचा एचबीएवनसी, उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर, खाली एक ग्राफ. ग्राफ वर गेला की मी त्यांना ऐकवायचो. "अण्णा, टपरीवरच्या चहात किती साखर असते माहितीये का तुम्हाला? दोन वेळचा हिशेब धरा.." अण्णा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि पाच वाजता चपला घालायचे. नंतर दोन रिपोर्ट चांगले आले, रेषा खाली आली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. फॉलोअप केला की रिझल्ट मिळतो, हे आम्हाला ऑफिसात शिकवतातच.

मग एका शनिवारी सोसायटीचं इंटरनेट गेलं. पुरुषासारखा पुरुष, शनिवारी सकाळी इंटरनेटशिवाय घरात काय करणार? तासभर राउटर चालू-बंद केला आणि म्हटलं, चला, आपणही खाली जाऊन येऊ.

ताथवडे तुम्ही बहुतेक अंडरपासमुळे ओळखत असाल. हिंजवडीला जाताना हायवेखालच्या ज्या बोळात आयुष्यातले काही महिने गेले, तोच. पण त्या बोळाच्या अलीकडे-पलीकडे एक जुनं गाव आहे. नरसिंहाचं देऊळ आहे, गुरांच्या पैदाशीचं सरकारी प्रक्षेत्र आहे. २००९ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, आणि मग शेतांच्या जागी कॉलेजं आणि आमच्यासारख्यांचे टॉवर उभे राहिले. वळूंसाठी नाव असलेल्या गावात आम्ही पिशवीतलं दूध पितो, तेही ॲपवरून मागवून.

टपरी आमच्या गेटपासून शंभर पावलांवर. निळा ताडपत्रीचा आडोसा, एक शेगडी, दोन बाकं, बरण्यांमध्ये खारी, टोस्ट आणि क्रीमरोल. चालवतात त्या मावशी मूळच्या बार्शीकडच्या. अण्णा बाकावर बसले होते. मला बघून एकदम उभे राहिले.

"काय रे? काय झालं?"

काहीच झालेलं नव्हतं. पण त्यांना तसं वाटलं, कारण तीन वर्षांत मी पहिल्यांदाच तिथे आलो होतो.

मी बसलो आणि मावशींचं काम बघत राहिलो. मोठ्या पातेल्यात दूध, पाणी आणि साखर आधीच उकळत असते. त्यात ठेचलेलं आलं पडतं, मग पावडर. एक उकळी, पळीने वर उचलून सोडलेली दोन-तीन धारा, आणि फडक्यातून किटलीत. पुण्यातल्या अमृततुल्यांची पद्धतही साधारण हीच. मूळच्या राजस्थानातल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी ती शहरात रुजवली. तिथे पितळेचं पातेलं असतं, वेलची खलबत्त्यात कुटतात आणि दुकानाला बहुधा देवाचं नाव असतं. इथे ॲल्युमिनियमचं पातेलं आणि दुकानाला नावच नाही. चव मात्र त्याच घराण्यातली.

या चहाच्या मागे एक यंत्र आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. १९३०च्या सुमारास आसामातल्या एका मळ्यावर विल्यम मॅकर्चर नावाच्या माणसाने पानं दातेरी रुळांमधून काढायची युक्ती केली. क्रश, टेअर, कर्ल. म्हणजे चिरडा, फाडा आणि गुंडाळा. त्यातून बाहेर पडणारे बारीक काळे दाणे चटकन उतरतात, रंग गडद देतात, दुधाला पुरून उरतात आणि एका किलोत पानांच्या चहापेक्षा बरेच जास्त कप होतात. म्हणून टपरीला परवडतात. आज भारतात होणारा बहुतेक चहा याच प्रकारचा असतो. त्याचं लघुरूप सीटीसी. आमच्या धंद्यात सीटीसी म्हणजे कॉस्ट टू कंपनी, पण अप्रेझलच्या महिन्यात विचाराल तर प्रक्रिया तीच आहे :)

असो. तर मावशींनी मला किटलीतला चहा दिला. मग त्या शेगडीच्या कडेला ठेवलेल्या एका छोट्या पातेलीकडे वळल्या आणि त्यातला चहा अण्णांच्या ग्लासात ओतला.

"हा वेगळा का?" मी विचारलं.

"त्यो शुगरवाल्यांचा," मावशी म्हणाल्या. "मोठ्यात साखर आधीच पडती ना. म्हणून ह्यांच्यासाठी बाजूला करते. चार जण हायेत."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा अंडरपासकडे बघत होते.

"कधीपासून?"

"झाले की सात-आठ महिने."

"अहो मग मला सांगायचं ना! मी रोज तुमच्यावर ओरडतोय."

अण्णांनी एक घोट घेतला. "तू विचारलंस कुठे? तू सांगत होतास."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मशीनवर एखादं माप चुकलं तर ज्या सुरात ते "दोन सूत कमी पडलं" असं म्हणायचे, तोच सूर होता. माझी एक्सेल शीट, तो ग्राफ, ती थोपटलेली पाठ.. सगळं त्या बाकावर एका मिनिटात मोकळं झालं. तीन वर्षं एका घरात राहून मी त्यांना रिपोर्ट मागत होतो. गप्पा मारायला ते शंभर पावलं चालून इथे येत होते.

त्या दिवशी आम्ही तासभर बसलो. अण्णा एकतीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात टर्नर होते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी आली आणि हा सगळा पट्टा भोंग्यावर चालायला लागला, हे मी लहानपणापासून ऐकलंय. पण त्या भोंग्यांच्या मधल्या चहाबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. फर्स्ट शिफ्टला सकाळी कँटीनचा पोऱ्या मोठी किटली घेऊन शॉपफ्लोअरवर यायचा. कॉटन वेस्टने हात पुसायचे, ग्लासची वरची कड दोन बोटांत धरायची, आणि दहा मिनिटं मशीन बंद. त्या दहा मिनिटांत भिशी लागायची, सोसायटीच्या कर्जाला जामीन मिळायचा, युनियनची भांडणं व्हायची आणि मिटायची. "तुझ्या आईचं स्थळ मला तिथेच कळलं," अण्णा म्हणाले. "मिलिंगवाल्याची लांबची बहीण."

हे मला माहीत नव्हतं. चाळिशीच्या माणसाला स्वतःच्या आईबापाचं लग्न कसं जमलं ते टपरीवर कळावं!

आमच्या ऑफिसात चहाचं मशीन आहे. बटण दाबलं की बारा सेकंदांत कप भरतो. कप घेऊन जागेवर जायचं, स्क्रीनकडे बघत प्यायचा. चहा तसा वाईट नसतो, पण मशीनने आमची ती दहा मिनिटं खाल्ली. चहा उकळायला लागणारा वेळ हा वाया जाणारा वेळ आहे असं कुणीतरी गृहीत धरलं आणि तो ऑप्टिमाइझ करून टाकला. "चहा घेणार का?" या प्रश्नाचा खरा अर्थ कितीदा तरी "जरा बोलायचं होतं" असा असतो. टीममधल्या पोरांना मी तो प्रश्न किती वेळा "कॉल आहे रे" म्हणून परत पाठवलाय, ते त्या बाकावर बसून आठवत होतो.

बाकावर त्या दिवशी कोण होतं? आमच्या सोसायटीचा नांदेडकडचा वॉचमन. डिलिव्हरीची बॅग पाठीवरून न काढता उभा असलेला एक पोरगा. जमीन विकून आता समोरच्या टॉवरमध्ये दोन फ्लॅट बाळगून असलेले गावातले एक आजोबा (शुगरवाले नंबर दोन). कॉलेजच्या दोन मुली, एका क्रीमरोलचे दोन तुकडे करून. आणि मी. सगळ्यांचे ग्लास एकाच बादलीत बुडवून निघत होते. माझ्यातला स्वच्छतावादी जरा कासावीस झाला, तेव्हा अण्णा हळूच म्हणाले, "आमच्या गावच्या हॉटेलात बाहेर खुंटीला वेगळे कप असायचे. काही लोकांनी तेच घ्यायचे, पिऊन स्वतः धुवायचे आणि परत टांगायचे. मी बघितलंय. ही बादली बरी."

मला पंचहौद आठवलं. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या मान्यवरांना बोलावलं होतं. व्याख्यानं झाली, मग चहा-बिस्किटं आली. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कुणी चहा प्यायले, कुणी कप हातात धरून तसाच खाली ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हा सगळा प्रकार मुद्दाम जुळवून आणला होता. नंतर 'पुणे वैभव'मध्ये नावं छापून आली आणि मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, आणि १८९२ मध्ये रानड्यांसारख्या माणसालाही मित्रांखातर प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहासाठी! त्यावेळी हसावंसं वाटलं होतं वाचताना. पण त्या पुण्याला एक गोष्ट नीट कळली होती: कोण कुणाबरोबर बसून चहा पितो ही साधी गोष्ट नसते. आमच्या सोसायटीत क्लबहाऊस आहे, जिम आहे, ॲपवर बुक करायचा बँक्वेट हॉल आहे. वॉचमन आणि मी शेजारी बसू शकू अशी जागा मात्र गेटच्या आत एकही नाही.

गेल्या पावसाळ्याआधी एका सकाळी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि टपरी उचलून गेली. चूक कुणाची म्हणणार? रस्ता अरुंद आहेच, ट्रॅफिकला शिव्या देणाऱ्यांत मी पहिला आहे. सोसायटीच्या ग्रुपवर दोघातिघांनी अंगठे टाकले. अण्णा त्या दिवशीही साडेनऊला गेले आणि पाच मिनिटांत परत आले. "नाहीये," एवढंच म्हणाले.

पुढचे नऊ दिवस ते टीव्हीसमोर बसले. मी घरी बिनसाखरेचा चहा केला, आलं घालून, फडक्यातून गाळून. त्यांनी प्यायला. "चांगला झालाय," म्हणाले. संध्याकाळी पुन्हा केला. ते म्हणाले, "कशाला त्रास घेतोस." मला तेव्हा कळलं की मी त्यांना चहा देऊ शकतो, पण शुगरवाल्यांतले बाकीचे तिघे कुठून आणू? शनिवारी मी त्यांना गाडीत घालून एका चकाचक चहाच्या दुकानात घेऊन गेलो. कुल्हड, गुळाचा चहा, भिंतीवर चहाबद्दलची सुविचारवजा वाक्यं. बाक नव्हते. उभ्याने पिऊन लोक निघत होते. अण्णांनी कुल्हड कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या आधी दोनदा उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "मातीचं काम चांगलं आहे."

दहाव्या दिवशी वॉचमनने बातमी आणली. गावातल्या त्या आजोबांनी स्वतःच्या उरलेल्या जागेत, कंपाउंडच्या आत, मावशींना कोपरा दिला होता. आता दोनशे पावलं पडतात. ताडपत्री तीच, छोटी पातेलीही तीच. भाडं किती, ते दोघांपैकी कुणी सांगत नाही.

एक्सेल शीट मी अजून भरतो, पण त्यावरून बोलत नाही. ऑफिसात आठवड्यातून दोनदा टीममधल्या एकेकाला घेऊन गेटबाहेर चहाला जातो, आणि फोन जागेवर ठेवून जातो. पहिल्या खेपेला पोरांना वाटलं, काढून टाकणार बहुतेक. आता वाटत नाही.

साडेनऊ वाजत आलेत. इंटरनेट व्यवस्थित चालू आहे. अण्णांनी चपला घातल्यात आणि लिफ्ट धरून ठेवलीये.

खाली जाऊन येतो.