तिसरी पिन

मे महिन्यातली दुपार. पुतण्या पेडल हातात घेऊन दारात उभा. "चाचा, ये गया. दुकानवाला बोलता, नया लो." संध्याकाळी अकोल्यातच हळद होती आणि त्याच्या बेंजोतून एकसारखं हमिंग येत होतं.

बेंजो आमच्या घरातलंच वाद्य. अब्बा वाजवायचे. त्याचा मूळ पुरुष जपानचा तैशोगोतो. 1912 साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. आपल्याकडे त्याचा बुलबुलतरंग झाला. पुढे त्याला पिकअप लागलं, आता पेडलही आलं.

मी मांडवात गेलो. आवाज जाड, सपाट, पांढरी पाचच्या अगदी जवळचा. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, तिचा सूर तिथेच पडतो. म्हणजे दोष विजेच्या बाजूचा. पेडल काढून वायर सरळ अॅम्प्लिफायरला लावली. शांत. पोरं म्हणाली, "बघा, पेडलच खराब." मी पेडल पुन्हा जोडलं, पण अॅडॅप्टर काढून आत 9 व्होल्टची बॅटरी घातली. तरीही शांत. पेडल बिचारं निर्दोष होतं.

मग वायरींचा माग काढला. एकाच अॅडॅप्टरवरून दोन पेडल चालवली होती, एक बेंजोचं, दुसरं कीबोर्डचं. बेंजोचा अॅम्प्लिफायर घरच्या विजेवर, कीबोर्डचा मिक्सर जनरेटरवर. दोन ठिकाणचं अर्थिंग त्या एका अॅडॅप्टरच्या वायरीतून जोडलं जात होतं आणि त्या फेऱ्यात फिरणारी वीज पेडलमधून ऐकू येत होती.

एवढ्यात एका पोराने पक्कड काढली. "चाचा, प्लगची तिसरी पिन तोडली की हमिंग बंद. सगळे तेच करतात."

मी त्याचा हात धरला. आवाज बंद होतो, हे खरंच आहे. अब्बांच्या अॅम्प्लिफायरचीही पिन अशीच तोडलेली होती. एका लग्नात वळवाचा पाऊस आला, जमीन भिजली, आतली वीज पेटीच्या पत्र्यात उतरली. पत्र्यातून वायरीत, वायरीतून बेंजोच्या तारांत. अब्बा अनवाणी बसले होते. अम्मीने धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून ते वाचले. पण डाव्या हाताच्या दोन बोटांतली जाणीव परत आली नाही. कळा त्याच हाताने दाबायच्या असतात. पुढे बेंजो कपाटावर गेला तो गेलाच.

पुतण्या माझ्याकडे बघत राहिला. त्याला आजवर वाटत होतं, दादांनी वय झालं म्हणून वाजवणं सोडलं. मीच कधी सांगितलं नव्हतं. घरातल्या अशा गोष्टी आपण झाकून ठेवतो आणि पोरं तीच पक्कड पुन्हा हातात घेतात.

आम्ही बेंजोच्या पेडलला बॅटरीच ठेवली. मिक्सर आणि अॅम्प्लिफायर दोन्ही एकाच बोर्डावर घेतले, त्या बोर्डाचं अर्थिंग तपासलं. हमिंग गेलं. खर्च एका बॅटरीचा.

हळद उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या कपाटावरचा बेंजो काढून पुसत होता. त्याच्या शेजारी अब्बांचा जुना अॅम्प्लिफायर आणि तीन पिनांचा नवा प्लग ठेवलेला होता.