ऐकण्याचे काम

"मोठेपणी तू कोण होणार?" हा प्रश्न लहानपणी कोणाला चुकला आहे? माझे सोबती त्याचे उत्तर चटकन देत. कोणी डॉक्टर होणार असे, तर कोणी फौजदार. मला मात्र उत्तर सुचत नसे; आणि पुढे पदवी पदरात पडली, तरीही ते सुचले नाही.

माझे गाव जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी. पुण्यास शिक्षण संपवून मी नोकरीच्या शोधास लागलो. काही महिने एका कचेरीत टंकलेखन केले. नंतर दोन हंगाम नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात एका आडत्याकडे हिशेब लिहिला. एक वर्ष एका शाळेत बदली शिक्षक म्हणून काढले. यांतील कोणतेही काम मला वाईट वाटले नाही. पण हे आपले काम, असेही वाटले नाही. घरी वडील काही बोलत नसत. मात्र सणासुदीला पाहुणे आले आणि "सध्या काय करतोस?" असे त्यांनी विचारले, की पुरणपोळीचा घासही मला गोड लागत नसे.

त्या बाजारात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. भाव पडला म्हणजे शेतकरी माझ्या टेबलाशी येऊन बसत आणि सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, रोपांवर पडलेला रोग, असे सारे सांगत. मजजवळ त्यावर उपाय नसे. मी लेखणी बाजूस ठेवून ऐकत असे, इतकेच. तरी उठताना त्यांचा चेहरा थोडा निवळलेला दिसे. शाळेतही मधल्या सुटीत कोणी ना कोणी मूल माझ्याभोवती घुटमळे. ते पाहून तेथील एक वृद्ध गुरुजी मला म्हणाले, "अरे, मुलांचे म्हणणे ऐकून घेणे हेही एक शास्त्र आहे. ते तू रीतसर शीक." 'समुपदेशक' हा शब्द मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकला. वयाच्या ३१ व्या वर्षी मी मानसशास्त्राची पुस्तके घेऊन पुन्हा विद्यार्थी झालो.

त्या पुस्तकांत मला फ्रँक पार्सन्स नावाचे एक अमेरिकन गृहस्थ भेटले. त्यांनी अभियंता, पोलादाच्या कारखान्यातील कामगार, शिक्षक, वकील असे नाना उद्योग केले होते. अखेर १९०८ साली त्यांनी बोस्टन शहरात तरुणांना व्यवसाय निवडण्यास साहाय्य करणारी एक कचेरी काढली. आधी स्वतःस ओळखावे, मग कामांची माहिती करून घ्यावी आणि दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा, असे त्यांचे सांगणे होते. इतक्या वाटा तुडविलेला हा माणूस वाट पुसणाऱ्यांच्या कामी आला, हे वाचून मला मोठा धीर आला.

शिक्षण पुरे करून मी आमच्याच तालुक्यातील एका शाळेत समुपदेशक झालो. तेथे सातवीतील एक मुलगा रोज पहिल्याच तासाला झोपी जाई. वर्गाने त्याला 'कुंभकर्ण' हे नाव ठेवले होते. तो माझ्याकडे आला, पण दोन दिवस काहीच बोलला नाही. मीही घाई केली नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीबाहेर पाहत तो हळूच म्हणाला, "सर, आमच्या उसात वाघ आहे."

आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि ही भीती पोकळ नव्हे. उसाच्या दाट पिकात बिबटे दडून राहतात. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवारा केंद्रच उभारलेले आहे. त्या दिवसांत शेतीच्या पंपांना वीज रात्री मिळे. वडील उसाला पाणी देत आणि हा मुलगा बॅटरी धरून बांधावर उभा राही. "भीती वाटते, हे घरी सांगितलेस का?" मी विचारले. तो म्हणाला, "मग आबा एकटे कसे जातील?"

त्याची संमती घेऊन मी त्याच्या वडिलांना भेटलो. ऐकून ते कितीतरी वेळ गप्प बसले. "मला वाटलं, पोराला रातच्याला शेतावर यायची हौस हाय," ते म्हणाले. पुढे त्यांनी आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी मिळून पाणी द्यावयास जाण्याचे ठरविले. बिबट्या हटला नाही, विजेची वेळही बदलली नाही. पण मुलगा रात्री घरी झोपू लागला आणि दिवसा वर्गात जागा राहू लागला.

आमच्या तालुक्यात खोडदच्या परिसरात एक प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली गेली. तिला ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ती टिपते. म्हणून तिच्या आसपास इतर रेडिओलहरींचा गोंगाट कमी असावा लागतो. मुलाच्या मनातील गोष्टही अशीच क्षीण स्वरात येते. भोवतीचा गलका थांबला, तरच ती कानी पडते.

मुलांनो, मनावर ओझे असेल, तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला ते सांगा. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक अहोरात्र चालू असतो. आणि शेजारच्या बाकावरील सोबती एकाएकी अबोल झाला असेल, तर त्याला नाव ठेवू नका. मधल्या सुटीत डबा घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसा. तो आज बोलला नाही, तर उद्या पुन्हा बसा.