टपाची जीप

हुबळी आणि धारवाड यांमधले अंतर वीस-बावीस किलोमीटरांचे, परंतु तेवढ्यात माती बदलते. हुबळीकडची काळी, धारवाडची तांबडी. बंद काचांच्या मोटारीतून जाणाऱ्यास हे क्वचितच जाणवते. आम्हांस मात्र ते घरी आल्यावर अंगावरच्या कपड्यांवरून कळते. कारण १९९४ पासून आमचे रोजचे वाहन म्हणजे महिंद्राची एमएम ५४० ही डिझेल जीप, आणि वर्षातले सहा-सात महिने तिला छत नसते.

ही गाडी आम्ही हौसेने घेतली असे कोणी समजू नये. कलघटगीच्या बाजूला थोडी शेती होती, तिकडचा रस्ता बैलगाडीचा होता आणि त्या काळी डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. तीच गाडी मुलांना शाळेत सोडू लागली, लग्नकार्यांना धावू लागली आणि पाहुण्यांना स्टेशनावरून आणू लागली. थंडीतल्या धारवाडी पहाटे हीटर प्लग तापेपर्यंत स्वस्थ बसावे लागते. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतींचे विष्णुसहस्रनाम अर्धे होते, असा आमचा अनुभव आहे.

तिचे इंजिन मूळचे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या धाटणीचे. एक्सडीपी ४.९० हे त्याचे नाव. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. मौज अशी की, पत्र्याचे छत आपोआप मागच्या पेटीत जाऊन बसणारी मोटार प्रथम विक्रीस काढली तीही प्यूजोनेच, १९३४ साली. ती युक्ती झॉर्ज पोलँ या गृहस्थांची, आणि हे व्यवसायाने दंतवैद्य! कवळी बसवणे-काढणे ज्याच्या नित्याचे, त्याला मोटारीचे छत काढण्याची कल्पना सुचावी यात आम्हांस तरी काही नवल वाटत नाही.

आमच्या छताला मात्र कळ नव्हती. मूळचे कापडी हूड दोन पावसाळ्यांत विरले, तेव्हा हुबळीतल्या एका कारागिराकडून पत्र्याचा टप करवून घेतला. त्याचे माप चुकले. पुढच्या काचेवर बोटभर फट राहिली, तीत सायकलची जुनी ट्यूब कोंबून आम्ही निभावून नेले. मृगाच्या आधी टप चढवायचा आणि दिवाळी झाली की उतरवायचा, असा नेम पडला. बोल्ट काढले की चार माणसे लागत: आम्ही, आमचे चिरंजीव, शेजारचे कानडी मास्तर आणि त्यांचे धाकटे बंधू. मास्तर वर्गात द्यावी तशी “एत्तरी!” अशी आरोळी ठोकीत आणि टप उचलला जाई. मग त्यांच्याकडून गिरमिट, आमच्याकडून चहा.

उघड्या जीपमधून हा रस्ता निराळाच भेटतो. उणकलच्या तळ्यावरचा गारवा तोंडावर येतो. अमरगोळच्या बाजारसमितीपाशी मिरचीने शिंका येतात. सत्तूर मागे पडून नवलूर आले की हंगामात पेरूंचा वास सुटतो, आणि तिथे गाडी न थांबवता पुढे गेल्याचे आम्हांस आठवत नाही. जलद बससेवेसाठी रस्ता रुंद झाला तेव्हा जुनी झाडे गेली. ती सावली डोक्यावरून सरकत जात असे, हे टप नसलेल्यालाच ठाऊक. २०२० साली रीतसर सुरू झालेल्या त्या बसेसना ‘चिगरी’ म्हणजे हरिण म्हणतात. थंडगार, स्वतंत्र मार्गावरून धावणारी ही हरिणे आमच्या जीपला रोज मागे टाकतात. गुडघे दुखू लागल्यापासून आमच्या सौभाग्यवतीही हरिणाच्याच पक्षात गेल्या आहेत.

चिरंजीव पुण्यास गेले. मास्तरांचे बंधू २०२१ मध्ये वारले. मास्तरांच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. पुढे तीन दिवाळ्या गेल्या, टप उतरला नाही. न उतरणारा टप म्हणजे नुसता खडखडणारा डबा. त्यातच २०२४ साली नोंदणीच्या नूतनीकरणाची पाळी आली. केंद्राच्या तेव्हाच्या नियमांनुसार जुन्या मोटारीचे हे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेले होते. बेळगावकडचे एक गिऱ्हाईक येऊन गाडी पाहून गेले, आकडाही ठरला. मास्तरांना सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “आधी टप तरी उतरवा. त्यांना गाडी कशी दिसते ते कळू द्या.”

दिवाळीनंतरच्या रविवारी मास्तरांची नात कॉलेजातल्या तीन मैत्रिणींना घेऊन आली. गंजलेल्या बोल्टांना रात्रीच तेल सोडून ठेवले होते, तरी दोन तोडावेच लागले. मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. “एत्तरी!” हा शब्द ऐकताच चौघींनी टप असा उचलला की आम्हांस हात लावायला जागाच उरली नाही.

त्या संध्याकाळी मास्तरांना पुढच्या आसनावर बसवून आम्ही धारवाडपर्यंत जाऊन आलो. येताना नवलूरचे पेरू घेतले. सौभाग्यवती मागे बसल्या होत्या. गुडघ्याचा विषय निघाला नाही. परत आल्यावर मास्तरांनी खांद्यावरची तांबडी धूळ झटकली नाही, तशीच घरात नेली.

बेळगावच्या गृहस्थांना आम्ही कळवले आणि पाच हजार भरले. टप पडवीत चार विटांवर ठेवला होता. त्याखाली मास्तरांची मांजर व्याली, तेव्हा पिलांचे डोळे उघडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असा हुकूम नातीकडून आला.