गोव्याचा पोदेर

भाताच्या प्रदेशात पावाने घर करावे, ही गोव्याच्या लोकजीवनातील लक्षणीय गोष्ट होय. तेथील शेतांत गहू पिकत नाही. पीठ बाहेरून येते. तरीही गावाची सकाळ सुरू होते ती सायकलवरून पाव आणणाऱ्याच्या भोंग्याने. या पाववाल्यास गोव्यात ‘पोदेर’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘पादेइरो’वरून आला.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला. पाव हे त्यांचे नित्याचे अन्न होते. पीठ आंबवण्यासाठी युरोपातील खमीर येथे सहज मिळेना, तेव्हा माडाची सूर उपयोगात आणली गेली. माडावर चढून सूर उतरवणारा रेंदेर आणि भट्टीपाशी राबणारा पोदेर असे दोन व्यवसाय एकमेकांत गुंतले. सासष्टी तालुक्यातील माजोर्डा हे गाव या विद्येचे माहेरघर मानले जाते. जेझुइट पाद्र्यांनी तेथील लोकांना ती शिकवली, असे सांगतात. पुढे इंग्रजी अमदानीत गोमंतकीय पोदेर मुंबईस गेले व तेथेही त्यांनी भट्ट्या घातल्या.

हिंदू कुटुंबांत मात्र पाव दीर्घकाळ वर्ज्य होता. पाव खाल्ला की माणूस बाटला, अशी समजूत होती. आज गोव्यातील अनेक हिंदू घरांत सकाळची न्याहारी पाव-भाजीची असते. पिढ्यांमागून पिढ्या रोज फेरी घालणाऱ्या पोदेराचा या बदलात मोठा वाटा आहे.

पोदेराचे काम गाव झोपल्यावर सुरू होते. रात्री पीठ मळून ठेवायचे, घुमटाकार भट्टीत लाकडे पेटवायची, तळ पुरेसा तापला की निखारे बाजूला सारून लांब दांड्याच्या फळीने पाव आत सरकवायचे. पहाटे टोपल्या भरतात आणि सायकली निघतात. दुपारनंतर पुन्हा एक फेरी होते. मऊ चौकोनी पाव, कडक कवचाचा गोल उंडो, कोंड्याची पोकळ पोई, चहात बुडवून खाण्याचे बांगडीसारखे कांकण, असे प्रकार टोपलीत असतात. लग्नकार्यात नारळ-गुळाचा ‘बोल’ वाटण्याची ख्रिस्ती घरांतील प्रथाही भट्टीशीच निगडित आहे.

या व्यवसायाचा खरा पाया विश्वास हा होय. कोणत्या घरी किती उंडे, किती पोया, हे पोदेरास तोंडपाठ असते. अनेक घरी पैसे महिनाअखेरीस दिले जात. हिशेब कधी वहीत, तर कधी भिंतीवर पेन्सिलीच्या रेघांनी मांडलेला असे. दस्तऐवज नाही, जामीन नाही. तरी व्यवहार पिढ्यानपिढ्या चालला. दार बंद दिसले तर पोदेर शेजारी चौकशी करी. ज्या घरात एकटी वृद्ध व्यक्ती राहते, तेथे दिवसातून दोनदा कोणीतरी हाक मारतो, याचे मोल पैशांत होणार नाही.

तथापि या व्यवसायाचे गणित आता कठीण झाले आहे. पीठ, जळाऊ लाकूड आणि मजुरी महाग झाली. पावाची किंमत मात्र एका रुपयाने वाढली तरी ती वर्तमानपत्रातील बातमी होते. सुरेची जागा बहुतांशी तयार यीस्टने घेतली, कारण रेंदेरही विरळ झाले. पोदेरांची मुले शिकली, आखातात, जहाजांवर वा युरोपात गेली. रात्रभर भट्टीपुढे उभे राहण्यास वारस तयार नसल्याने अनेक भट्ट्या कर्नाटकातून व अन्य प्रांतांतून आलेल्या कारागिरांनी भाड्याने चालविण्यास घेतल्या आहेत. काहींना ही परंपरेची हानी वाटते. पण भट्टी पेटती राहिली आहे ती याच नव्या हातांमुळे, हेही मान्य केले पाहिजे.

व्यापारी कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. पिढीजात पेढीवर बसण्यास मुलगा तयार नसतो, तेव्हा पेढीची पत पुढे कोणाच्या हाती सोपवायची, हाच विचार घराघरांत चालतो. पोदेराचे उदाहरण सांगते की धंदा रक्ताच्या वारसाविनाही टिकू शकतो. पण दारचा विश्वास नव्या माणसाला आयता मिळत नाही. तो त्याला रोजच्या फेरीत, रोजच्या मापात पुन्हा मिळवावा लागतो. गावानेही पाव पडत्या भावात मिळावा असा हट्ट धरताना रात्रीच्या त्या श्रमांचा हिशेब आपल्या खात्यावर मांडला पाहिजे. अन्यथा एके सकाळी भोंगा वाजणार नाही आणि बाजारातील पिशवीबंद पाव तेवढा उरेल.