गुराख्याचा उपोसथ

वैशाख पौर्णिमेचा उपोसथ, म्हणजे ठरावीक तिथीचे व्रत, पाळणारा उपासक सकाळी पांढरे कपडे घालून बुद्धमूर्तीसमोर बसतो आणि त्रिशरणानंतर रोजच्या पंचशीलाऐवजी अष्टशील घेतो. वाढलेली शीले तीन: मध्याह्नानंतर जेवायचे नाही, नाचगाणी-हारगजरे-अत्तर यांपासून दूर राहायचे, उंच-ऐसपैस बिछान्यावर झोपायचे नाही. शिवाय तिसरे शील कडक होऊन त्या दिवसापुरते पूर्ण ब्रह्मचर्य येते. मुदत दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत. जन्म, बोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटना थेरवाद परंपरा याच पौर्णिमेला मानते. म्हणून वर्षभराच्या उपोसथांत हा मोठा.

उपोसथाची प्रथा बुद्धाने नव्याने काढलेली नाही. विनयपिटकातली हकिकत अशी की, इतर पंथांचे परिव्राजक ठरावीक तिथींना जमून धर्मचर्चा करत. ते पाहून मगधराज बिंबिसाराने भिक्खूंनीही तसे करावे असे सुचवले. भिक्खू जमले खरे, पण गप्प बसून राहिले. लोकांनी नावे ठेवली, तेव्हा धम्मकथन सुरू झाले.

नुसत्या उपासाचे काय होते, हे अंगुत्तरनिकायात श्रावस्तीच्या विशाखेला सांगितले आहे. संध्याकाळी गुरे मालकाकडे सोपवलेला गुराखी मनात घोळवतो: आज गुरे इथे चरली, उद्या तिथे चरतील. तसाच एखादा उपोसथ पाळणारा आज काय खाल्ले, उद्या काय खायचे, यातच दिवस घालवतो. हा गुराख्याचा उपोसथ. त्याचे फळ मोठे नाही. उलट बुद्ध, धम्म, संघ आणि स्वतःचे शील यांच्या अनुस्मृतीने मळलेले चित्त धुतले जाते, तो आर्य उपोसथ. शीले हा दिवसाचा सांगाडा. त्यात जीव आणायचे काम ध्यानाचे.

सकाळची बैठक आनापानाची. नाकपुड्यांच्या तोंडाशी येणारा-जाणारा श्वास, जसा असेल तसा. सणाच्या दिवशी ध्यान काही खास लागेल ही अपेक्षा हमखास असते आणि तीच सर्वांत जास्त नडते. पौर्णिमेचा श्वास इतर दिवसांसारखाच असतो. त्यात वैशाख म्हणजे ऐन उन्हाळा. विदर्भात दुपारच्या बैठकीत घाम मानेवरून पाठीकडे ओघळतो, तोही पाहण्याचाच विषय. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावे, त्याने काही बिघडत नाही.

खरी कसोटी संध्याकाळी. बारापूर्वी जेवलेल्याला भूक चहाच्या सुमारास गाठते. नीट पाहिले तर पोटाच्या वरच्या भागात ओढ लागते, वाढते, थोडा वेळ राहते आणि आपोआप ओसरते. काही वेळाने पुन्हा येते. त्याच सुमारास उद्याचे पोहे दिसू लागतात, वरच्या कोथिंबिरीसकट. ओढ पोटात असते, पोहे डोक्यात. ही दोन वेगळी ओळखता आली की भूक सोसवते. ओळखता आली नाहीत तर डोळे मिटलेले असूनही गुराखी गुरे मोजतच बसलेला असतो. अशा वेळी श्वासाशी झटापट करण्यापेक्षा बुद्धगुणांची अनुस्मृती घ्यावी. विशाखेला सांगितलेला उपाय तोच आहे.

निवांत जागा हवी असणाऱ्यांसाठी गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात बुद्धपौर्णिमेला एक दिवसाचे शिबिर होते. दहा दिवसांचे शिबिर केलेल्यांनाच त्यात बसता येते. २००९ मध्ये उद्घाटन झालेल्या या पॅगोडाच्या खांबाविना उभ्या घुमटाखाली सुमारे ८,००० साधक मावतात. वस्तीतल्या विहारात मात्र मिरवणूक, भीमगीते, ध्वनिक्षेपक आणि खिरीची रांग. शीलात वर्ज्य आहे ते गाणी ऐकायला जाणे. कानावर पडलेला आवाज नव्हे. आवाजाला ‘ऐकू येते आहे’ एवढेच म्हणून श्वासाकडे परतावे. बोधीपूर्वी सिद्धार्थाला खीर देणाऱ्या सुजातेच्या दानाची आठवण म्हणून वाटली जाणारी खीर बहुधा दुपारनंतरच निघते. अष्टशील घेतलेल्याच्या हाती डाव द्यावा. स्वतः न खाता तासभर खीर वाढणे हे आसनावरच्या दोन बैठकींहून अवघड, आणि म्हणून अधिक शिकवणारे.

मधुमेही आणि औषधे चालू असणाऱ्यांनी विकालभोजनाचे शील घेऊ नये, पंचशीलावर बसावे. रात्रीची बैठक मैत्रीभावनेने संपते; झोप सतरंजीवर. सूर्योदयाला पुन्हा पंचशील. पुढचा उपोसथ वद्य अष्टमीचा. आषाढ पौर्णिमेनंतर वर्षावास लागला की ओळीने सगळे उपोसथ पाळणारेही बरेच असतात.