हप्त्याचा वार

नांदेड, श्रावणातला सोमवार

चि. छोटीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

मायक्रोफायनान्स कंपनीत तुझी नेमणूक मुखेडला झाली आणि रोज दोन-तीन गावांत बायकांच्या मीटिंगा असतात, हे दादानं फोनवर आनंदानं सांगितलं. मलाही बरं वाटलं. आपल्या घरातली दुसरी बाई कर्जाच्या कामात आली. पण रात्री झोप लागेना, म्हणून उठून लिहायला बसले.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते. घरात कुणालाच ती ठाऊक नाही. १९९७ चा उन्हाळा. मी एका ग्रामीण शाखेत कर्जाच्या टेबलावर होते. एक बाई आली, तीन शेळ्या घ्यायला चार हजार रुपये हवे होते. नवरा हैदराबादला बांधकामावर. मी सातबारा मागितला. तो सासऱ्याच्या नावावर. नवऱ्याची सही मागितली. तो दिवाळीला येणार. "मग दिवाळीलाच या," असं म्हणून मी पुढच्या माणसाला हाक मारली. बाई दिवाळीला आली नाही. पुढे कळलं की तिनं शेकडा पाचनं सावकाराकडून पैसे उचलले आणि त्यापायी पाटल्या गहाण गेल्या. चार हजारांवर महिन्याला दोनशे, म्हणजे वर्षाला चोवीसशे रुपये नुसतं व्याज, मुद्दल तसंच उभं.

मला अजून खातं ते वेगळंच. नाबार्डनं १९९२ मध्येच बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली होती. दहा-वीस बायकांचा गट, नोंदणी नसली तरी चालेल, सातबाऱ्याची गरज नाही. गटाची बचत आणि गटाचा ठराव बघून कर्ज द्यायचं. त्याचं परिपत्रक आमच्या कपाटात होतं. मी वाचलेलं नव्हतं.

म्हणून तुमच्यासारख्या कंपन्या गावात आल्या तेव्हा मी नाक मुरडलं नाही. बाईच्या नावावर जमीन नाही, म्हणून ती आमच्या दारातून परत जायची. तुम्ही तिच्या दारात गेलात आणि जमिनीचा कागद न मागता पैसे दिलेत. सावकारापेक्षा व्याज कमी, हेही खरं. पण किती कमी, हे तिला कळेल अशा भाषेत सांग. दहा हजार दिले, दर आठवड्याला सव्वादोनशे, पन्नास हप्ते. बाई म्हणते, व्याज साडेबाराशे, म्हणजे साडेबारा टक्के. तसं ते नसतं गं. मुद्दल तर ती पहिल्या आठवड्यापासून फेडत असते, पूर्ण दहा हजार तिच्या हातात वर्षभर कुठे असतात? सरासरी धरलीस तर निम्मेच. मग दर पंचवीस टक्क्यांच्या आसपास जातो. सावकाराचा साठ होता. दोन्ही आकडे तिच्यापुढे ठेव, मग तिला ठरवू दे.

व्याजापेक्षा मला हप्त्याच्या वाराची काळजी जास्त वाटते. देगलूरकडच्या एका बाईनं मला सांगितलं होतं, "मॅडम, सोयाबीन वर्षातून एकदाच येतंय, हप्ता दर मंगळवारी येतोय." तुझ्या मुखेड-कंधारकडं तर शेतही थोडं आणि पाणीही थोडं. सोयाबीनचा पैसा दसऱ्या-दिवाळीला, तूर त्यानंतर, हरभरा शिमग्याच्या आसपास. मधल्या दिवसांत खुरपणीची मजुरी, तीही पाऊस पडला तर. कित्येक घरं दिवाळी झाली की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात; आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्च झालेली असते, पुढचे काही महिने मजुरी तीच फेडण्यात जाते. अशा घरानं मंगळवारचा हप्ता कुठून आणायचा? मग एका कंपनीचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून, दुसरीचा तिसरीच्या. कागदावर वसुली शंभर टक्के दिसते. आपल्या सीमेपलीकडे आंध्रात हेच झालं. एकेका घरात चार-चार कर्जं, वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या. शेवटी ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. तेव्हा आंध्र आणि तेलंगणा एकच राज्य होतं. धर्माबाद-बिलोलीच्या बायकांचं माहेर-सासर त्या बाजूला, त्यामुळे आम्हाला ते वर्तमानपत्राआधी कळत होतं.

आणि जामीन. पाचजणी एकमेकींना जामीन राहतात, ही युक्ती बांगलादेशातून आली. त्यात चांगलंही आहे. पण मी पाहिलंय, एकीचा हप्ता चुकला की उरलेल्या चौघी तिच्या दारात बसतात, कारण साहेब त्यांना घरी जाऊ देत नाही. पाणी भरायला एकमेकींच्या आधारानं जाणाऱ्या बायका वसुलीवाल्या होतात. त्यानंतर कंपनी निघून गेली तरी त्या बायकांचं एकमेकींशी बोलणं सुरू होत नाही. हे नुकसान कुठल्याच खात्यात लिहिलं जात नाही.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच मुलखात आहे, म्हणून तुला एकदा किल्लारीच्या बाजूला जाऊन यायला सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती, तेव्हा भूकंप झाला. पुनर्वसनाच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं. घराचं बांधकाम नीट होतंय का, पैसा कुठे अडलाय, हे त्या विचारू लागल्या. ज्यांनी कधी चावडीवर तोंड उघडलं नव्हतं, त्या इंजिनिअरला प्रश्न विचारत होत्या. बचत गट, कर्ज, धंदा हे त्यानंतर आलं. पुढे दुष्काळात याच संस्थेनं बायकांना घरच्या जमिनीतला एक एकर मागून घ्यायला शिकवलं, त्यात डाळी, भाजी, घरच्या खाण्याचं पिकवायचं. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे विसरू नकोस.

तिथं बायका आधी एकत्र आल्या, पैसा नंतर आला. माविम आणि उमेद या सरकारी उपक्रमांच्या बचत गटांत मी हेच पाहिलं. शंभर-शंभर रुपये बचत, आपापसांत कर्ज, शेकडा दोननं का होईना, पण ते व्याज गटाच्याच पेटीत परत. पेरणीच्या वेळी एखादी म्हणाली की पुढच्या दोन महिन्यांत जमणार नाही, तर गट तिला थांबू शकतो. तुमचा हप्ता थांबत नाही.

तू कंपनी बदलू शकणार नाहीस, ते मला कळतं. पण नियम तुझ्या बाजूनं आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. कर्जाचा कागद बाईला समजेल अशा भाषेत हवा. उत्पन्नाचा रकाना भरताना तिच्या तोंडून आकडा ऐकल्याशिवाय पेन टेकवू नकोस. वरचा माणूस म्हणेल, जास्त लिही, कर्ज बसत नाही. तेव्हा लिहू नकोस. टार्गेट चुकेल, चुकू दे. आणि दरवेळी एवढं विचार: हप्ता कुठल्या पैशातून भरणार? "बघू" असं उत्तर आलं तर त्या दिवशी फॉर्म पिशवीतच राहू दे.

महालक्ष्म्यांना येशीलच. येताना तुमच्याकडचं एक कोरं कर्जकार्ड घेऊन ये. दोघी मिळून ओळ न् ओळ वाचू, मला न कळलेलं तुझ्याकडून समजून घेईन. गाडी चालवताना डोक्याला रुमाल बांधून चालत नाही, हेल्मेट घाल. वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या