उतरणीची पूर्वतयारी

घाट लागला की सायकलवरून खाली उतरावे आणि ती हाताने धरून चालावे, अशी आमच्या तीर्थरूपांची शिकवण होती. त्यांच्या आणि पुढे आमच्याही सायकलीचे ब्रेक ज्या अवस्थेत असत, ती पाहता ही शिकवण शहाणपणाचीच म्हटली पाहिजे. अशा घराण्यात जन्मलेल्या आमच्या धाकट्या कन्येने, ‘यंदा डोंगरावरून सायकलने खाली येण्याच्या शर्यतीत भाग घ्यावा म्हणते, तुम्ही सुटीत या, आपण मिळून सारा बेत आखू,’ असे कळवले, तेव्हा आम्हा उभयतांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

कन्या शिक्षणासाठी कॅनडात व्हँकुव्हर येथे असते. सायकलचे वेड मात्र तिने येथूनच, इंदुरातून नेलेले. महूच्या पुढे माळव्याचे पठार संपते, विंध्याची कड येते आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. अहिल्याबाई होळकरांच्या काळातील जाम दरवाजा तेथेच उभा आहे. त्या घाटात रविवारी पहाटे जाणाऱ्या मुलामुलींत ती असे, आणि आम्ही स्कूटरवरून, हृदय मुठीत धरून, मागोमाग असू. तेव्हा सायकलची भीती आम्हाला नवी नव्हती.

काळजीचे कारण निराळे होते. दोन वर्षांपूर्वी त्या परक्या डोंगरावर ती पडली आणि तिचे हसळीचे हाड मोडले. आम्हाला ते कळले तीन महिन्यांनी, तेही तिच्या एका मैत्रिणीच्या तोंडून सहज निघून गेले म्हणून. ‘तुम्ही घाबराल, म्हणून बोलले नाही,’ हे तिचे उत्तर. हाड तोवर सांधले होते. आमचे मन सांधायला त्याहून अधिक काळ लागला. रोज रात्री फोनवर ‘बरी आहे’ म्हणणारी मुलगी गळ्यात झोळी अडकवून ते म्हणत होती, हा विचार सौभाग्यवतींच्या मनातून काही केल्या जाईना. म्हणूनच हे निमंत्रण आले तेव्हा त्यातील ‘शर्यत’ या शब्दापेक्षा ‘मिळून’ हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटला, आणि आम्ही होकार दिला. शर्यतीला नव्हे, बेत आखण्याला.

ज्या डोंगराविषयी हे चालले होते त्याचे नाव व्हिस्लर. व्हँकुव्हरच्या उत्तरेस सुमारे १२० किलोमीटरवर तो आहे. पूर्वी त्याला लंडन माउंटन म्हणत. तेथील खडकांत मार्मट नावाचा, खारीच्या कुळातील पण अंगाने बराच थोराड असा प्राणी राहतो. तो धोक्याची चाहूल लागताच लांबलचक शीळ घालतो. त्या शिळेवरून १९६५ मध्ये डोंगराचे नाव बदलून ‘शीळ घालणारा’ असे ठेवण्यात आले. १९६६ पासून तेथे बर्फावरून घसरण्याचा खेळ सुरू झाला आणि २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमधील डोंगरउतारावरच्या स्कीइंगच्या स्पर्धा याच उतारांवर झाल्या. हिवाळ्यात माणसे वर नेणारे हे रोपवे उन्हाळ्यात सायकलस्वारांसाठी चालवावेत, या विचारातून १९९९ मध्ये तेथे सायकलींचे उद्यान रीतसर उघडले. उद्यान म्हणताच आमच्या डोळ्यांपुढे फुलांचे ताटवे आले होते. येथे मात्र सायकल खुर्चीबरोबर अडकवून वर जायचे आणि झाडांमधून कोरलेल्या मातीच्या, खडकांच्या, लाकडी पुलांच्या वाटांनी खाली यायचे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६७५ मीटरवर आणि शिखर २१८२ मीटरवर. म्हणजे हा सारा उतार दीड हजार मीटरचा. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे अंदाज येईल.

वडिलांच्या शिकवणीची आठवण आम्हाला या खेळाचा इतिहास वाचताना पुन्हा झाली. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळ मरिन परगण्यात काही हौशी तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट खाली येत. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे साडेतीन किलोमीटरांची ती वाट जवळजवळ चारशे मीटर खाली उतरे. त्या सायकलींना पायडल उलटे दाबून लागणारे ब्रेक असत. खाली पोचेपर्यंत मागच्या चाकाचा तुंबा इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या फेरीआधी ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेला नावच ‘रीपॅक’ पडले. त्यांच्यातील जो ब्रीझ याने पुढे या कामासाठी मुद्दाम सायकलीचा सांगाडा घडवला, आणि डोंगरी सायकलीच्या घडणीत रीपॅकच्या मंडळींचे नाव कायमचे जोडले गेले. एकूण काय, ब्रेकची काळजी आमच्याच घराण्याला होती असे नाही.

बेत आखण्यासाठी आम्ही दोनशे पानी वही केली. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यामागे साडेबारा तास असते. येथे सकाळचे साडेआठ वाजत तेव्हा तेथे आदल्या रात्रीचे आठ होत. रविवारी त्या वेळी ती बोले आणि आम्ही लिहून घेऊ. प्रवास, सामान, सराव, प्रकृती, खर्च असे पाच भाग पाडले.

‘सामान’ या भागात पहिला पेच उभा राहिला. पूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण, गुडघ्याकोपरांची कवचे, पाठीची ढाल, हातमोजे, अशी यादी तिने सांगितली. ‘शिरस्त्राण कोणते?’ आम्ही विचारले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘बाबा, तेच. पडले तेव्हाचेच.’ शिरस्त्राणाच्या आत फेसासारखा थर असतो. तो चेपला जाऊन आघात आपल्यावर घेतो, आणि एकदा मोठा आघात घेतला की बाहेरून तडा दिसो वा न दिसो, ते पुन्हा वापरू नये असा नियम आहे. तिला तो ठाऊक होता. पैसे वाचवण्यासाठी ती दोन वर्षे तेच घालून उतरत होती. रागवावयाचे शब्द आमच्या ओठांवर आले होते. पण विचारल्यावर तिने लपवले नाही, हेही आमच्या ध्यानी आले. नव्या शिरस्त्राणाचा खर्च आमच्या खाती लिहिला आणि पान उलटले.

‘प्रकृती’ या भागात विम्याचे कागद आले. बारीक अक्षरातील मजकूर वाचण्याचा मास्तरकीतला अनुभव येथे कामी आला. अनेक विम्यांत साधे सायकल चालवणे चालते, पण शर्यत वगळलेली असते. त्यामुळे शर्यतीला चालेल असाच विमा आहे ना, हे तिने लेखी विचारून घ्यावे असे ठरले.

मे महिन्याची सुटी लागताच आम्ही निघालो. व्हँकुव्हरहून व्हिस्लरला जाणारा रस्ता प्रथम समुद्राच्या एका लांब फाट्याच्या कडेने जातो. डावीकडे निळेकरडे पाणी, उजवीकडे कडा. स्क्वॉमिश गावाजवळ शॅनन धबधबा ३३५ मीटर खाली कोसळताना दिसतो आणि पलीकडे ग्रॅनाइटची एकसंध भिंत आभाळाला टेकलेली. सौभाग्यवतींनी इंदुरी शेवेची पुडी सोडली ती तेथेच.

मेमध्ये उद्यानाचा खालचा भागच उघडलेला असतो. वरती अजून बर्फ होते. बर्फ वितळलेल्या हिरव्या उतारावर एक काळे अस्वल गायीसारखे गवत खात होते आणि कोणी त्याची फारशी दखल घेत नव्हते. वाटांच्या तोंडाशी खुणा लावलेल्या असतात. हिरवे वर्तुळ सोप्या वाटेचे, निळा चौकोन मध्यम वाटेचा, पत्त्यातील चौकटीसारखी काळी खूण कठीण वाटेची, आणि दोन काळ्या चौकटी म्हणजे जाणत्यांखेरीज कोणी जाऊ नये. कोणी हात धरून अडवत नाही. आपली इयत्ता आपणच ओळखायची. आमच्या शाळेत ही सोय झाली तर पहिलीतील अर्धी मुले दहावीत जाऊन बसतील.

वाटा चढत्या इयत्तेने घ्याव्या, आणि प्रत्येक वाटेवर तीन पायऱ्या पाळाव्या, असे तेथे शिकवतात. प्री-राइड, री-राइड, फ्री-राइड. पहिल्या फेरीत अगदी सावकाश, वाट नुसती पाहत जायचे. दुसऱ्या फेरीत पाहिलेले पुन्हा घोकायचे. मन आणि हात दोन्ही निश्चिंत झाले तरच तिसऱ्या फेरीत मोकळे सुटायचे. पाठांतराचीही हीच रीत असल्यामुळे ती आम्हाला पटली. शर्यतीतही स्वार एकत्र सुटत नाहीत. एकेकाला अंतराने सोडतात आणि घड्याळ लावतात. आधी वाट पायी चालून पाहू देतात, सराव करू देतात. ‘ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. आणि दगडाकडे बघायचे नाही, वाटेकडे बघायचे; नजर जाते तिकडे चाक जाते,’ असे ती आम्हाला समजावीत होती. आम्ही वहीत टिपून घेतले.

तीन दिवस आम्ही पायथ्याशी कठड्याला टेकून बसलो. पहिल्या दिवशी हिरव्या वाटा, दुसऱ्या दिवशी निळ्या. सौभाग्यवती फेऱ्या मोजीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याची बाटली घेताना मुलीची बोटे थरथरताना त्यांनी पाहिली. उतारावर तासन्‌तास ब्रेक धरून हात असे भरून येतात. ‘आता पुरे,’ त्या म्हणाल्या. वाद झाला नाही. थकलेल्या अंगाने मारलेली फेरीच घात करते, म्हणून ‘ही शेवटची’ असे शब्दही तेथील मंडळी सहसा उच्चारीत नाहीत, असे कन्येने सांगितले.

तिसऱ्या दिवशी ती पडली होती ती जागा तिने आम्हाला दाखवली. कठड्यापासून दिसण्याजोगी होती. तेथे मातीचा उंचवटा आहे. एका बाजूने चढ, वर टेबलासारखी सपाटी, पलीकडे उतार. वेगाने आलेला स्वार हवेतून सपाटी ओलांडून पलीकडच्या उतारावर अलगद टेकतो. वेग कमी पडला तर सपाटीवर आपटतो. आमच्या कल्पनेत तो कडा होता. प्रत्यक्षात तो शाळेच्या व्यासपीठाहून फार मोठा नव्हता. त्यामुळे धीर यावा की भीती वाढावी, हे मात्र आम्हाला ठरवता येईना.

ती वरून आली, उंचवट्याआधी वेग कमी केला आणि चाके जमिनीवरून न उचलता वरून निघून गेली. पुढच्या फेरीतही तेच. ‘शर्यतीत इथे उडी मारणार नाही, अशीच जाणार,’ कठड्यापाशी येऊन तिने सांगितले.

‘मग नंबर मागे पडेल ना गं?’ सौभाग्यवतींनी विचारले. इतके दिवस शर्यतीच्या नावाने कपाळाला आठ्या घालणाऱ्या आईने हा प्रश्न करावा, याचे आम्हाला हसू आले.

‘पडेल की आई,’ ती म्हणाली. ‘आणि पुढे कधी उडी जमलीच, तर त्याच रात्री तुम्हाला सांगेन. पडले तरीही सांगेन.’

त्या संध्याकाळी वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही आमची संमती लिहिली. अट एकच घातली: जे घडेल ते त्याच दिवशी कळवावे. तिने खाली सही केली. मग पेन आमच्यापुढे धरून ती म्हणाली, ‘आता तुम्हीही लिहा, की ऐकल्यावर रागावणार नाही.’ हा मुद्दा आमच्या पाच भागांत कोठेच बसत नव्हता. मुलीने दोन वर्षांपूर्वी का लपवले, याचे निम्मे उत्तर त्यात होते हे ओळखून आम्ही सही केली.

आम्ही परत आलो, शाळा सुरू झाली. एका सोमवारी सकाळी, पोहे ताटात वाढले असताना फोन आला. तेथे रविवारची रात्र होती. ‘बाबा, आज उडी मारली. तीनदा. दोनदा नीट उतरले, एकदा सपाटीवर आपटले. पडले नाही, मनगट थोडे दुखते आहे.’ पोहे निवून गेले. मनात पुष्कळ काही आले, पण सही आठवली. ‘मनगटाला शेक दे, आणि दोन दिवस सायकलला हात लावू नकोस,’ एवढेच आम्ही बोललो. दुखऱ्या जागी आधी शेक नव्हे, बर्फ लावतात, असे तिने आम्हाला शिकवले. तारीख घालून तेही वहीत लिहिले.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा शर्यत होऊन गेलेली असेल. तेथे सकाळचे दहा म्हणजे येथे रात्रीचे साडेदहा. त्या रात्री आमच्या घरातला दिवा उशिरापर्यंत जळेल, आणि निकालाआधी आम्ही एकच गोष्ट विचारू. ती काय, हे मुले परगावी असलेल्या वाचकांना सांगावयास नको.